पाच किलवर

"चार नो ट्रम्प," टिपणीस साहेब म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पाइप भरायला लागले.

रविवारची दुपार होती. क्लबच्या हॉलमध्ये स्पर्धेचा शेवटचा सामना चालला होता आणि माझ्या पाठीमागे कारखान्यातले झाडून सगळे ऑफिसर खुर्च्या मांडून बसले होते. साहेबांचे शब्द ऐकल्याबरोबर त्या खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. माझ्या हातात काय आहे ते मला पाठ होतं, तरी मी पुन्हा एकदा पाहिलं. तेरा पत्त्यांत सगळ्यात मोठं पान होतं बदामाची दश्शी. बाकी नुसती प्रजा.

ज्यांचं आयुष्य रमीत गेलं त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघं एका बाजूचे. खेळण्याआधी बोली होते, म्हणजे अमुक हुकमात आम्ही इतके हात करू असं चढत्या भाजणीने बोलायचं. जोडीदाराचे पत्ते दिसत नाहीत, त्याच्याशी बोलायची परवानगी नाही, तेव्हा काय सांगायचं-विचारायचं ते बोलीतूनच. त्यातली 'चार नो ट्रम्प' ही खरी बोली नव्हे, तो प्रश्न आहे. तुझ्याकडे एक्के किती, एवढाच त्याचा अर्थ. उत्तरंही ठरलेली. पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. आणि पाच किलवर म्हणजे एकही नाही, किंवा मग चारही. ही रीत ज्याने काढली त्याला वाटलं असणार, की ज्याच्याकडे काहीच नाही आणि ज्याच्याकडे सगळं आहे अशा दोन माणसांत कोण कशाला गल्लत करील? त्याने साखर कारखान्यात नोकरी केलेली नसावी.

आमचा कारखाना खाजगी, गोदावरीच्या कालव्यावर. गाव लांब, म्हणून कॅम्प, म्हणजे कारखान्याची वसाहत, हेच जग आणि टिपणीस साहेब त्या जगाचे जनरल मॅनेजर. उंच, गोरे, आवाज कधी चढत नसे. साहेबांना 'नाही' ऐकायची सवय नाही, असं सगळे म्हणत. खरं म्हणजे ती सवय लागावी अशी संधीच त्यांना कुणी दिली नव्हती. रोज सकाळी मीटिंग असे. साहेब विचारत, बॉयलर तयार आहे का? चीफ इंजिनिअर म्हणत, तयारच म्हणायचा. त्या वेळी बॉयलरच्या नळ्या लिंबाच्या झाडाखाली पडलेल्या असत. साहेब विचारत, भट्टीला उसाच्या चिपाडांचा बगॅस पुरेल ना? उत्तर येई, पुरून उरेल म्हणायचं. आमच्याकडे 'म्हणायचं' या शब्दावर सगळा गळीत हंगाम पार पडे.

क्लबातही तेच. साहेबांनी एक्के विचारले आणि जोडीदाराने पाच किलवर म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. एक्का नसला तर राजाला एक्का धरायचं. राजा नसला तर राणी आणि गुलाम मिळून एक. पुढे खेळ सुरू झाला की जोडीदाराचे पत्ते टेबलावर उघडे मांडावे लागतात. मग एक्क्याच्या जागी राजा निघायचा. "राजाच आहे, साहेब," असं तो ऑफिसर म्हणायचा, "पण चांगल्यापैकी आहे." साहेब 'हं' म्हणायचे आणि खेळायला लागायचे.

मी या सगळ्यात नवा. प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागलो होतो आणि प्रोबेशन संपत आलं होतं. लग्नाला वर्ष होत आलं तरी बायको अजून वाईला माहेरी होती, कारण प्रोबेशनवरच्या माणसाला क्वार्टर मिळत नसे. मिळे ती बॅचलर मेसमधली एक खाट, आणि तिच्या भोवती दुसऱ्यांच्या तीन खाटा. सासरे भेटले की "मग, कधी नेताय?" असं विचारत, जणू मी एखादं कपाट आगाऊ रक्कम देऊन दुकानात ठेवून आलो होतो. कुमुद काही विचारत नसे. ती फक्त एसटी स्टँडवर सोडायला येई आणि गाडी हलली की दुसरीकडे बघे. माझ्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला होता. सही त्याच आठवड्यात व्हायची होती. किंवा व्हायची नव्हती.

अशा वेळी साहेबांचे नेहमीचे जोडीदार, आमचे चीफ अकाउंटंट शेवडे, यांना कावीळ झाली. मुलाखतीत छंद विचारले तेव्हा मी ब्रिज म्हणालो होतो. होस्टेलवर शिकलो होतो, बेताचाच, पण साहेबांनी ते लक्षात ठेवलं होतं. त्यांनी मला निरोप धाडला.

मी आधी शेवड्यांकडे गेलो. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून उसाचा रस पीत होते. कावीळ आणि साखर कारखाना यांची अशी सोय क्वचितच जुळते. ते मला बघून खूश झाले, मग कोण कुठला ते आठवून गंभीर झाले.

"अहो आठल्ये," ते म्हणाले, "दोनच गोष्टी सांभाळा. साहेब बोलले की उचलून धरायचं, त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि एक्के विचारले तर एक तरी म्हणायचाच."

"नसला तर?"

"नसला तर एक. एक असला तर दोन. माणुसकी म्हणून."

मी म्हटलं, पण शेवटी पत्ते उघडे पडणारच की. त्यावर शेवड्यांनी पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. तोवर बोली होऊन गेलेली असते, ते म्हणाले, आणि साहेब बुडालेच तर प्रतिपक्षाला पानं चांगली आली होती असं म्हणायला आम्ही सगळे मागे असतोच.

सामना होता नगरच्या रांगणेकर पतिपत्नींशी. डॉक्टर रांगणेकर डोळ्यांचे डॉक्टर, मिठ्ठास बोलणारे. विमलाबाई मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या. खुर्चीत बसताबसता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी आपोआप ताठ झालो. दुपारभर सामना बरोबरीत चालला होता. मी फारशा चुका केल्या नाहीत, कारण मला फारसं काही करावं लागलं नाही. मग शेवटचा डाव वाटला.

साहेबांनी सुरुवातच दोन इस्पिकांनी केली. म्हणजे हातात माल गच्च आहे, आता थांबायचं नाही, तूही काही तरी बोल. माझ्यासारख्या कंगाल हाताने यावर 'दोन नो ट्रम्प' म्हणायचं असतं. त्याचा अर्थ, माझ्याकडे काही नाही, आपलं आपण बघा. विमलाबाई 'पास' म्हणाल्या. माझ्या पाठीमागच्या खुर्च्या पुढे सरकल्या. साहेबांना एकटं सोडायचं नाही, हे मला आठवलं, आणि मी त्यांचीच इस्पिकं उचलून धरली. "तीन इस्पिक," मी म्हणालो. म्हणजे, साहेब, मीही आहे.

त्यावर डॉक्टर पास म्हणाले आणि साहेबांचे चार नो ट्रम्प आले.

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पाच चौकट, एक एक्का. मेसमध्ये आदल्या दिवशी दाढी करताना मी ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं, साधं वाटत होतं. पण आता अडचण अशी झाली, की माझ्या अंगात खोटं बोलायची ताकद मुळात बेताची आणि होती नव्हती ती सगळी मी तीन इस्पिकांवर खर्च करून बसलो होतो. शिवाय इतरांना एक्क्याच्या जागी दाखवायला निदान राजा तरी असायचा. दश्शी दाखवून "चांगल्यापैकी आहे" असं कोणत्या तोंडाने म्हणणार? विमलाबाई माझ्याकडे बघत होत्या. कुमुद स्टँडवर उभी आहे असं मला एकदम दिसलं, आणि तिच्यासाठी तरी चौकट म्हण, चौकट म्हण, असं मी मला बजावत असतानाच माझं तोंड उघडलं.

"पाच किलवर."

मागे कुणाच्या तरी हातात बशी वाजली. लेबर ऑफिसर कुणाला तरी हळूच म्हणाले, की चांगला मुलगा होता.

साहेबांनी मात्र पाइप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजाडायला लागलं, की ते मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा आपल्या पत्त्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वडिलांनी पहिल्या नंबराने आलेल्या मुलाकडे बघावं तसं हसले.

"सात नो ट्रम्प."

बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे असतात, तेव्हा सातची बोली म्हणजे तेराच्या तेरा हात आमचे. हुकूम नाही, आधार नाही, प्रतिपक्षाला एकही हात मिळता कामा नये. याच्यावर बोलीच नाही. मी कपाळाला हात लावणार होतो, पण जोडीदाराने काही सुचवायचं नाही असा नियम आहे, म्हणून हात मांडीवरच ठेवला.

आता पाळी विमलाबाईंची. त्यांनी आपले पत्ते नीट जुळवले, सावकाश एकदा पाहिले, आणि विचारलं, "टिपणीस, तुमच्या जोडीदाराच्या पाच किलवरचा अर्थ काय?"

हा प्रश्न प्रतिपक्षाला विचारता येतो, आणि उत्तर द्यावं लागतं.

"नियमाने, एकही एक्का नाही किंवा चार."

"आणि तुम्ही काय समजलात?"

"चार," साहेब म्हणाले.

"चार," विमलाबाई म्हणाल्या. वर्गातल्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं की बाई तेच पुन्हा उच्चारतात, तिला सुधारायला वाव मिळावा म्हणून, तसं त्या म्हणाल्या.

"चार," साहेबांनी खात्री दिली.

"डबल."

डबल म्हणजे बुडालात तर दंड दुप्पट. मी पास म्हटलं; दुसरं म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आपले पत्ते पाहिले, पुन्हा काढला. मग मोतीबिंदू पिकल्याचं पेशंटला सांगावं अशा हळुवार आवाजात तेही पास म्हणाले. साहेबांना आमची सगळ्यांची कीव आली असावी.

"रिडबल," ते म्हणाले. म्हणजे दुपटीची दुप्पट.

विमलाबाईंनी पहिलं पान टाकलं. बदामाचा एक्का.

साहेबांनी त्या एक्क्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. अनोळखी माणूस चुकून आपल्या घरात शिरला तर आपण जितक्या सभ्यपणे बघू, तितक्या सभ्यपणे पाहिलं. मग त्यांनी पंचांना बोलावलं. पंच म्हणजे आमचेच लेबर ऑफिसर.

"या पॅकमध्ये पाच एक्के आहेत," साहेब म्हणाले.

"असतील, साहेब," पंच पॅककडे न बघता म्हणाले.

"आधी या मुलाचे पत्ते बघू या," विमलाबाई म्हणाल्या, आणि मला मानेने खूण केली.

मी पत्ते मांडले. इस्पिकं चार, बारकी. बदामं, त्यात दश्शी. चौकट, किलवर, सगळी लहान लेकरं. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की कारखान्याची वाफ ऐकू यायला लागली. साहेब पुढे वाकले. त्यांनी माझी दश्शी बोटाने किंचित उचलून तिच्याखाली काही आहे का ते पाहिलं. मग ती होती तशी ठेवली.

पुढे जे झालं ते फार लवकर झालं. विमलाबाईंकडे दोन एक्के, डॉक्टरांकडे दोन. चारही एकामागून एक टेबलावर आले. साहेबांचा हात राजांनी आणि राण्यांनी भरलेला होता, त्यात एक्का औषधालाही नव्हता. चारचे चार राजे हाती असूनही आम्ही चार हात बुडालो. दंड चौपट. करंडक नगरला गेला. जाताना विमलाबाई माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, उत्तर बरोबर होतं, पण त्याआधी तीन इस्पिक कशाला म्हणालास? त्यांनी मान हलवली आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. भाजी मात्र भरपूर वाढली. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना वाढतात तशी. लेबर ऑफिसर हात धुता धुता म्हणाले, वाईला एका हायस्कुलात सायन्स टीचरची जागा आहे म्हणे. दुसऱ्याने भर घातली की हवा चांगली आहे तिकडची. मी खोलीत जाऊन ट्रंकेत कपडे भरले. मग ते पुन्हा काढले, कारण सकाळी साहेबांसमोर जायचं तर इस्त्रीचा शर्ट लागणार होता आणि तो तळाशी गेला होता.

सकाळी बोलावणं आलंच. साहेब टेबलाशी बसले होते आणि माझा कागद त्यांच्यापुढे होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण उभं राहायलाही सांगितलं नाही, म्हणून मी खुर्चीच्या पाठीला धरून राहिलो.

"एकही नव्हता?"

"नव्हता, साहेब."

"राजा?"

"तेही सगळे आपल्याकडेच होते."

"हो. खरं आहे." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. लिंबाखाली बॉयलरच्या नळ्या होत्या आणि त्यांवर कॅम्पातली पोरं बसली होती. "मग तीन इस्पिक का म्हणालात?"

"शेवडेसाहेब म्हणाले होते, साहेब."

"वाटलंच."

मग जे बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतंच.

"शेवडे दोन म्हणाले की मी एक धरतो, आठल्ये. एक म्हणाले की काही नाही. चीफ इंजिनिअर आठ दिवस म्हणाले की मी महिना धरतो. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? इतकी वर्षं हा कारखाना मी वजाबाकीवर चालवलाय. प्रत्येकाचा आकडा निराळा, तो पाठ करावा लागतो. आणि काल तुम्ही एकदम शून्य म्हणालात. शून्यातून वजा काय करू? मला वाटलं, हा मुलगा चारच म्हणतोय."

मी म्हटलं, चुकलं साहेब.

"तुमचं कुठे चुकलं? मी विचारलं, तुम्ही सांगितलंत." त्यांनी पेन उघडलं आणि सही केली. ज्या सहीने एवढ्या दिवसांची माझी झोप खाल्ली तिला एकच क्षण लागला, हे बघून मला जरा वाईटच वाटलं. "क्वार्टर मिळेल. बायकोला घेऊन या. आणि उद्यापासून सकाळच्या मीटिंगला माझ्या शेजारी बसायचं. मी काही विचारलं आणि ते नसलं, तर नाही म्हणायचं. दुसरं काही काम नाही."

पुढच्या आठवड्यात मी कुमुदला घेऊन आलो. एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि या वेळी गाडी हलल्यावर ती माझ्याकडे बघत होती. दोन खोल्यांचं क्वार्टर. मोरीला दार नव्हतं, नळाला पाणी सकाळी तेवढं, पण खाटा दोनच होत्या आणि दोन्ही आमच्या.

इकडे मीटिंगमध्ये मी माझं काम करत होतो. पहिल्या दिवशी बॉयलर तयारच म्हणायचा, असं झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, नळ्या लिंबाखाली आहेत, पोरं त्यांची बस करून खेळतात, काल एकाने मला तिकीट दिलं. चीफ इंजिनिअर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण आमचे ऑफिसर हुशार. ज्या मुलाने साहेबांना तोंडावर 'काही नाही' सांगितलं, तो कायम झाला, त्याला क्वार्टर मिळालं, साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली. म्हणजे साहेबांना आता काय आवडतं हे उघड होतं. तेव्हा एका सोमवारी सगळे एकदम सत्यवादी झाले.

बॉयलर तयार आहे का? नाही, साहेब. त्या वेळी बॉयलर इतक्या जोरात चालू होता की उत्तर ओरडून द्यावं लागलं. बगॅस? एक काडी नाही, साहेब. खिडकीतून बगॅसचे दोन डोंगर दिसत होते. गोदामात साखर? काही नाही म्हणायचं. साहेब माझ्याकडे बघत. मला आता 'आहे' म्हणावं लागे, आणि ते माझ्या नेमणुकीत बसत नव्हतं.

शेवड्यांची कावीळ उतरली आणि ते क्लबात परत आले. साहेबांनी माझ्यासोबत खेळून पाहिलं होतं, पण माझा प्रामाणिकपणा आणि माझा खेळ यांतलं अंतर त्यांना सोसवेना. त्यामुळे शेवडे पुन्हा त्यांच्यासमोर बसले. पहिल्याच डावात साहेबांनी एक्के विचारले. एक त्यांच्या हातात होता, हे आम्हाला नंतर कळलं. शेवडे जागेवर जरासे सावरून बसले, एकदा माझ्याकडे बघून घेतलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पाच किलवर."

एक आपल्याकडे असताना समोर चार असणं शक्य नाही. म्हणजे शून्य. साहेबांनी पाच इस्पिकांवर थांबून घेतलं. पाचची बोली म्हणजे अकरा हात. मग शेवड्यांनी पत्ते मांडले. बदामाचा एक्का ठेवला, चौकटचा ठेवला, किलवरचा ठेवला. देवापुढे फुलं वाहावीत तसे ठेवले.

"साहेब," ते म्हणाले, "आता तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही."

साहेबांनी तेराच्या तेरा हात केले आणि कुणाचं अभिनंदन न घेता बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेलो. ते पाइप हातात धरून उभे होते, पेटवलेला नव्हता.

"वजाबाकी शिकण्यात माझं आयुष्य गेलं, आठल्ये," ते म्हणाले. "आता बेरीज शिकायचं वय नाही राहिलं."

महिनाभर ते क्लबात आले नाहीत. आले त्या रविवारी दुपारी चौथा मिळेना. चीफ इंजिनिअर 'बॉयलर बंद आहे, साहेब' असं सांगून चालू बॉयलर बघायला गेले होते. कुमुद मला चहाला बोलवायला आली होती. वाईला तिच्या माहेरी माझ्या सासऱ्यांना आणि तिच्या दोन काकांना चौथा मिळत नसे, म्हणून ती परकरात होती तेव्हापासून त्यांच्या घरची चौथी होती. साहेबांनी अदबीने विचारलं, मिसेस आठल्ये, बसता का? ती पदर खोचून त्यांच्यासमोर बसली. त्यांच्याविरुद्ध मी आणि शेवडे.

पत्ते वाटायच्या आधी शेवड्यांनी तिला खिडकीपाशी नेऊन हलक्या आवाजात बरंच काही सांगितलं. माणुसकी हा शब्द मला दोनदा ऐकू आला. या वेळी त्या शब्दाचा अर्थ उलटा होता: असला तरी नाही म्हणायचं. कुमुदने सगळं ऐकून घेतलं.

"पण काका, मला त्यांनी कुठे कायम करायचंय?" ती म्हणाली. "आणि क्वार्टर तर मिळालं."

तिसऱ्या डावात साहेबांनी इस्पिकं बोलली, कुमुदने उचलून धरली. साहेब थोडे थांबले. विचारावं की न विचारावं, असं त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं. मग नाइलाजाने विचारल्यासारखं ते म्हणाले, "चार नो ट्रम्प."

"पाच किलवर," कुमुद म्हणाली. दळण किती आहे असं विचारल्यावर सांगावं तसं.

साहेबांच्या हातात दोन एक्के होते. म्हणजे समोर चार नाहीत. जुन्या रिवाजाने शून्य कुणी म्हणत नाही. नव्या रिवाजाने शून्य म्हणजे शून्यापासून दोनपर्यंत काहीही. मोठी बोली लावावी तर बुडायची भीती, थांबावं तर शेवड्यांसारखी फुलं वाहिली जायची भीती. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने नजर चुकवली नाही आणि रोखलीही नाही. पत्ते खाली घेऊन ती कपाळावरची बट मागे सारत होती.

"पाच इस्पिक," साहेब शेवटी म्हणाले. आवाज इतका हळू होता की शेवड्यांनी पुन्हा विचारलं.

कुमुदने पत्ते मांडले. एकही एक्का नव्हता. दोन राजे होते, आणि ते राजे म्हणूनच मांडले होते. मला एक एक्का मिळाला, शेवड्यांना एक. तिसरा हात आम्हाला काही केल्या मिळेना. साहेब एकेक हात ओढून घेत होते आणि दर हातागणिक त्यांचे खांदे थोडे खाली येत होते, ओझं उतरवावं तसे. अकरा झाले. त्यांनी ते मोजले. मग पुन्हा मोजले, पेन्सिलच्या टोकाने, एकेक.

"अकरा," ते म्हणाले. "बोललो अकरा, झाले अकरा."

"हो," कुमुद म्हणाली.

शेवडे म्हणाले, प्रतिपक्षाला पानं वाईट आली होती. साहेबांनी ते ऐकलं नाही. ते उठून उभे राहिले, कुमुदला वाकून नमस्कार करतात की काय असं क्षणभर वाटलं, पण त्यांनी फक्त खुर्ची मागे सारली आणि सगळ्यांना चहा सांगितला. रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं, बराच वेळ.

चहा पिऊन आम्ही दोघं क्वार्टरकडे चालायला लागलो. ऊन अजून होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचे साहेब एवढ्यावर खूश होतात, तर तुम्ही सगळे मिळून इतकी वर्षं त्यांना देत काय होतात?"

मी खिशातून किल्ली काढली आणि आमच्या दाराचं कुलूप उघडलं.